रिकाम्या घागरीचं ओझं

मित्रांनो, मी वालूरची एक जुनी पितळी घागर आहे आणि माझ्या बुडाला भोक आहे. स्वतःची उणी बाजू कुणी चारचौघांत सांगत नाही. मी मात्र आधीच सांगून टाकते, कारण माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट त्या भोकामुळेच घडली.

परभणीच्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. चांगुणाबाईंच्या लग्नात मी आंदणात आले. पुढे वीस वर्षं त्यांनी मला कमरेवर घेऊन विहिरीवरून पाणी आणलं. चिंचेनं घासलं की मी अशी लखलखायचे की शेजारणी टक लावून बघत. मग एके दिवशी मी दगडावर आपटले आणि बूड फुटलं. तोवर दारात नळ आला होता, त्यामुळे डाग देऊन भोक बुजवायला मला कुणी नेलं नाही. माझी रवानगी बाजेखाली झाली आणि माझ्यात कांदे पडले. खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटायचं.

तिथून मला बाहेर काढलं ते त्यांच्या सुनेनं, बबितानं. ती अंगणवाडीत शिकवते आणि हौसेनं नाटकात कामं करते. यंदा परभणीच्या नाट्यस्पर्धेत तिच्या वाट्याला शेजारणीचं काम आलं होतं. घागरीत पाणी घेऊन दोनदा यायचं आणि तीन वाक्यं बोलायची, एवढंच. त्यासाठी तिनं मला सोबत घेतलं. निघताना सासूबाईंनी बजावलं, "पाच वर्सं झाली तुझं नाटक चालू हाय. यंदा स्पर्धेच्या फळ्यावर नाव लागलं तर पुढं कर. न्हाई तर पुरं झालं." आणि त्या स्वतःही बघायला आल्या.

स्पर्धा संपल्यावर मी रंगपटाच्या कोपऱ्यात होते. तिथेच भगवानराव आणि राजनंदिनीताई हे दोन परीक्षक सहायक अभिनेत्रींची नामांकनं ठरवायला बसले. बायका पाच, जागा तीन. दोन नावं चटकन ठरली. खरा वाद होता तो कुणाला वगळायचं याचा.

"रुख्मिणीबाई वाक्य बोलतात अन् टाळीसाठी थांबतात. त्यांना वगळा," भगवानराव म्हणाले. त्यावर दोघांचं एकमत झालं. उरल्या सविता आणि बबिता.

"सविता लय रडली, रडणं खरंही वाटलं," राजनंदिनीताई म्हणाल्या. "पण बबिता बघा. पाणी हिंदकळू नये म्हणून कशी तोलून चालत होती. बोलताना धाप लागत होती."

"ताई, भरलेली घागर कमरंवर असली की कुणीबी तसंच चालतंय. त्यात अभिनय कसला? वगळा."

मी तर रिकामी होते. ओरडून सांगावंसं वाटलं, पण घागरीला वाचा कुठली?

भगवानरावांनी बाहेरच्या फळ्यावर खडूनं तीन नावं लिहिली आणि हात धुवायला ते माझ्याकडे आले. भरलेली समजून त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावला, तशी मी भसकन वर आले आणि त्यांच्या हनुवटीवर आपटले. त्यांनी आत वाकून पाहिलं. बुडातून त्यांना स्वतःची चप्पल दिसली.

"ताई," ते खाली बसत म्हणाले, "ही तर फुटकी हाय."

पण तोवर फळ्यावरची नावं सगळ्यांनी वाचली होती, टाळ्याही पडून गेल्या होत्या. सविताचा तरी काय दोष? तिचं नाव आता पुसणं बरं नव्हतं. भगवानराव मला घेऊन अंगणात आले. बबिता खाली मान घालून पिशवी भरत होती.

"बाई, माझी चूक झाली," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "मला घागर भरलेली वाटली, म्हणून तुमचं नाव वगळलं."

चांगुणाबाईंनी मला हातात घेतलं आणि बुडावरून बोटं फिरवली. भोक जिथल्या तिथे होतं.

"मला वाटलं, हिनं डाग देऊन आणलाय," त्या हळूच म्हणाल्या. "ही चालायली अन् कंबर माझी दुखायली." मग सुनेकडे वळल्या. "पुढच्या साली बी हीच घागर न्यायची."

मित्रांनो, आता मी बाजेखाली नसते. फळीवर असते, दर आठवड्याला चिंचेनं घासली जाते. तुम्ही मोठे व्हाल, कुणाचं काम बरं, कुणाचं वाईट हे ठरवायला बसाल. कुणाचं नाव वगळण्याआधी घागर एकदा हातानं उचलून बघा. आणि माझ्यासाठी एवढंच करा, मला घासा, पुसा, जपा, पण ते भोक तेवढं बुजवू नका.