नरम पाटे

पेणच्या गणपतीचं बोट रस्त्यात तुटलं तर शिव्या ट्रकवाल्याला बसतात, आणि ट्रकवाला त्या माझ्यापर्यंत आणून पोचवतो. म्हणून मी ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे नरम करतो. रामवाडीत हायवेला लागून माझं दुकान आहे. शिवा मिस्त्री म्हटलं की कोणीही दाखवेल. कंपनीचा ट्रक सिमेंट-सळया वाहायला बनवलेला. मागच्या चाकांवरचे त्याचे पाटे इतके कडक की गाडी खड्ड्यात आदळली की ड्रायव्हरचे दात वाजतात. शाडूच्या मूर्तीला ते सोसत नाही. मग कंपनीचे पाटे काढायचे, बाजारातला पातळ पाट्यांचा सेट आणायचा, भट्टीत त्याचा बाक थोडा उतरवायचा आणि तो बसवायचा. गाडी मागून दोन इंच खाली बसते आणि मूर्ती पाळण्यात निजल्यासारखी पुण्याला जाते. तीस वर्षं मी हेच करतो आहे. हातात कसब आहे, तोंड मात्र फाटकं. आमच्या बायजाबाई म्हणतात, याच्या हाताने कमावलेलं याचं तोंड खातं. बायको असल्यामुळे तिला माहीत असणारच.

निकेश माझा भाचा, बहिणीचा मुलगा. अकरा वर्षं त्याने धरमतरच्या जेटीवर दुसऱ्यांचे डंपर चालवले, बार्जमधून उतरलेला कोळसा वाहिला. मागच्या वर्षी स्वतःचा नवा ट्रक घेतला तेव्हा बॉनेटवरचा हार सुकायच्या आत तो माझ्या दुकानी घेऊन आला. गणपतीचा सीझन तोंडावर होता. मी पाटे उतरवायला घेतले तेव्हा त्याने विचारलं, "मामा, वॉरंटी नाय ना जायची?"

मी हसलो. "कंपनीवाला काय तुझ्या गाडीखाली झोपाया येनार हाय? बाहेरच्या पार्टने वॉरंटी जात असती तर पेनमधी एका तरी गाडीला उरली असती काय?"

दुकानातले चार जण हसले, तोही हसला. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं आणि मलाही नव्हतं. फरक एवढाच, की मला न कळणारी गोष्ट मी जास्त ठणकावून सांगतो. जाताना तो म्हणाला, "कंपनीचे पाटे तुझ्याकडंच ठेव, लागले तर." मी बरं म्हटलं.

यंदा गणपतीला पाच आठवडे असताना रोह्याच्या अलीकडे त्याच्या ट्रकचा गिअरबॉक्स खडखडून बसला. टोचन करून गाडी रोह्याला कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेली. वॉरंटीची मुदत अजून होती. गिअरबॉक्स कंपनीने बदलून दिला तर ट्रक निकेशचा. नाहीतर कर्जाचे हप्ते थकून तो ट्रक जाणार आणि निकेश पुन्हा जेटीवर, दुसऱ्याच्या डंपरवर. मधला रस्ता नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "मामा, ते पाट्यांचं विचारतायत. तू चल."

वर्कशॉपच्या काउंटरवर रोह्याशेजारच्या अष्टमी गावची एक मुलगी होती, सुरभी नावाची. मी भांडायच्याच तयारीने गेलो होतो, पण तिने आधी खुर्ची दिली आणि पाणी दिलं.

"काका, बाहेरचा पार्ट लावला म्हणजे सगळी वॉरंटी गेली असं नसतं," ती म्हणाली. "इंजिनाला काही झालं असतं तर पाट्यांचा संबंधच नव्हता. पण गाडी मागून खाली बसली की गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट तिरका होतो. मग तो हादरे देतो आणि बेअरिंग खातो. म्हणजे गाडी किती बसली, त्यावर सगळं आहे."

"किती बसली तर चालंल?" निकेशने विचारलं.

"अर्धा इंच. साहेब तेवढं पास करतात, मी बघितलंय. कंपनीचे जुने पाटे आणा. ते परत चढवून मापलं की खरा फरक कळेल. कागदावरचं माप आणि गाडीवरचं माप कधीच जुळत नाही, त्यामुळे तुमच्या बाजूनेही निघू शकतं."

बुडत्याला काडीचा आधार, तसं निकेशचं झालं. "मामाच्या दुकानात हायेत पाटे. उद्याच आनतो."

मी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. पाटे दुकानात नव्हते. पाट्याच्या लोखंडाचा कोयता दहा वर्षं धार सोडत नाही. थंडी सरली की आतल्या गावांतले शेतकरी राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला लागणाऱ्या फांद्या तोडायला माझ्याकडे कोयते मागतात. एरवी हाताला लागतात ते भंगारातले थकलेले पाटे. निकेशचे कोरे होते. असं लोखंड मी आयुष्यात तापवलं नव्हतं. एक कापला, मग दुसरा कापला, आणि फेब्रुवारीत सगळे संपले. लोक कोयत्यांचं कौतुक करत होते आणि मी ते ऐकत होतो.

बाहेर आल्यावर निकेशला सांगितलं.

"कोयते?"

"व्हय."

"आख्ख्या सेटचे?"

"व्हय रे बाबा, आख्ख्या सेटचे. शेन खाल्लं मी."

दुसरा कोणी असता तर त्याने माझी गचांडी धरली असती. हा आत गेला आणि पाटे हरवले म्हणून सांगून आला. सुरभी म्हणाली, गुरुवारी पनवेलहून साहेब येतील. पाटे नसतील तर ज्याने काम केलं त्या मिस्त्रीचं म्हणणं लिहून घेतील. तेवढ्यावरही क्लेम झालेले आहेत.

गुरुवारी एसटीत नागोठणं आल्यावर निकेश म्हणाला, "मामा, अर्धा इंच बोल. बाकी काय बोलू नको. तुझ्या पाया पडतो."

"अर्धा इंच," मी म्हटलं. माझ्या भाच्याने माझ्या पाया पडतो म्हणावं, याची लाज वाटली. मी मनात तेच घोकत राहिलो, शाळेतल्या पोरासारखा.

साहेब पन्नाशीचा, नखांत ग्रीस असलेला माणूस. कागदी साहेब नव्हता. स्वतः गाडीखाली गेला, बॅटरी मारून पाटे बघितले, टेप लावला आणि गुडघे झटकत बाहेर आला. आत्ताचं माप मिळालं, आधीचं कळायला त्याच्याकडे काही नव्हतं.

"मिस्त्री, किती खाली घेतली?"

"अर्धा इंच."

त्याने लिहिलं. सुरभीने फॉर्म पुढे सरकवला. माझ्या शेजारी निकेशने श्वास सोडलेला मला ऐकू आला. झालं होतं. फक्त सही उरली होती.

साहेबाने पेनाचं टोपण लावलं आणि सुरभीकडे बघून हसला. "पेणला ही एक फॅशन आहे बघ. अर्ध्या इंचात मूर्तीला काय कळणार? मनाचं समाधान नुसतं. गिऱ्हाईक गंडवायचे धंदे."

त्याने मुद्दाम डिवचलं की सहज बोलला, देव जाणे. मला तेव्हा एवढंच कळलं की कानशिलं तापली आहेत.

"गंडवायचे? ओ साहेब, अर्ध्या इंचात मूर्ती वाचत नाय ते मला शिकवू नका. दोन इंच खाली घेतो मी, पुरे दोन इंच! तीस वर्षं घेतोय. माझ्या पाट्यावर गेलेल्या एका मूर्तीचं बोट तुटलेलं दाखवा, हात कापून देतो."

बाहेर एक टेम्पो रिव्हर्स घेत होता, त्याचाच तेवढा आवाज येत होता. मी निकेशकडे बघितलं नाही. मला बघवलंच नाही.

साहेबाने टोपण काढलं, अर्धा खोडला आणि दोन लिहिलं. तो माणूस वाईट नव्हता. लिहिताना त्याचाही चेहरा उतरला होता. "सही करा," तो म्हणाला. मी केली. मला सही सोडून काही लिहिता येत नाही, तीही नेमकी सुरेख आली.

परत येताना निकेशने मला खिडकीची जागा दिली. त्याने शिव्या द्याव्यात म्हणून मी वाट बघत होतो. वडखळच्या अलीकडे एकदाच बोलला. "उद्या धरमतरला जाऊन येतो. जुना मुकादम हाय अजून."

घरी त्याची बायको नम्रता दारातच उभी होती. ट्रकच्या फेऱ्यांचा शब्द तिनेच मूर्तींच्या कारखानदारांकडे टाकला होता, फोनही तिलाच येत होते. "काय झालं वो?" तिने विचारलं. मी सांगायला तोंड उघडलं. खरं सांगायचं असं मी वाटेत ठरवलं होतं, निदान तेवढं तरी.

"नाय झालं," निकेश माझ्या आधी बोलला. "साहेबाने आधीच ठरवलं व्हतं. मामा लय भांडला माझ्यासाठी."

त्याने ते पापणी न हलवता सांगितलं आणि हातपाय धुवायला मागे गेला. नम्रता तिथेच भिंतीला टेकून रडली, मग डोळे पुसून तिने चहा टाकला. पहिला कप माझ्यापुढे ठेवला.

"तुमी व्हतात म्हनून, मामा," ती म्हणाली. "नायतर यांना तिथं कोन बोलू देतंय."

मी मान हलवली आणि तो चहा प्यायलो.