कुजली ती डोलकाठी नव्हती

मी एक जुनी डोलकाठी आहे, आणि माझ्याबद्दल तुमच्या कानावर जे आले असेल ते साफ खोटे आहे. मित्रांनो, सुरुवातच तक्रारीने करते आहे, हे मला समजते. पण दोन वर्षे अंगणात आडवे पडून, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडून 'कुजली हो बिचारी' एवढेच ऐकावे लागले, तर तुमचेही डोके फिरेल. मी ॲल्युमिनियमची आहे. ॲल्युमिनियम कुजत नाही. एवढी साधी गोष्ट एकाही शहाण्याला सुचू नये?

डोलकाठी म्हणजे शिडाच्या होडीवरचा उंच खांब. मोठ्या जहाजांवरच्या माझ्या बहिणी एकदा उभ्या राहिल्या की जन्मभर उभ्या. आमचे नशीब तसे नाही. आमची होडी छोटी, ट्रेलरवर घालून गाडीमागे ओढत तलावावर न्यायची. रस्त्यावर मी आडवी, पाण्यावर मी उभी. दर रविवारी मला उठवायचे आणि दर रविवारी पुन्हा निजवायचे. त्यामुळे वारा किंवा लाटा हे माझे दुखणे कधीच नव्हते. मला उठवणाऱ्या माणसाचे लक्ष कुठे आहे, हेच माझे दुखणे.

माझा जन्म एका लांबट शेडमध्ये झाला. जाड चष्म्याच्या एका कारागिराने माझ्या पायाला बिजागरी बसवली आणि डोक्याकडे तीन तारा जोडल्या. दोन बाजूंना दोन, पुढे एक. प्रत्येक तार एका जाड पिनेवर अडकवलेली, आणि ती पिन निसटू नये म्हणून तिच्या भोकात नखाएवढी स्टीलची कडी. त्या माणसाने प्रत्येक कडी दोनदा ओढून पाहिली. मग होडीतल्या कप्प्याच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवला. त्यावर मला उभी करण्याची रीत पायरीपायरीने लिहिलेली होती. मला वाटले, चला, आपली काळजी मिटली. किती भोळी होते मी!

मला घेतले एका शिंप्याने. गल्लीतले सगळे त्याला मास्तर म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. पुढे दुकान, मागे अंगण, वर राहायची जागा. दुकानात कापड कापायचे लांब टेबल, दोन शिलाई मशीन आणि भिंतीला अर्धे शिवलेले कोट टांगलेले. कोटाच्या बाह्या मास्तर शिवे आणि काज त्याची थोरली बहीण करी. आईवडील लवकर गेल्यावर या ताईनेच त्याला वाढवले होते. ती हाताने काज करायची. इतके रेखीव, इतके घट्ट की लोक मशीनचे काज उसवून तिच्याकडून पुन्हा करून घ्यायचे. दोन बोटांत सुई धरून ती झरझर टाके घाले आणि तोंडाने भावाची खरडपट्टी काढत राही.

पहिल्या वर्षी मास्तर माझ्याशी अगदी सरळ वागला. तलावावर पोचल्यावर ताई आधी मान वर करून पाहायची. "अरे, त्या विजेच्या तारा दिसत नाहीत का तुला? गाडी पुढे घे," म्हणायची. माझ्यासारखी धातूची उंच काठी विजेच्या तारेला लागली तर काय होईल, हे मी तुम्हाला वेगळे सांगायला नको. मग ट्रेलरच्या चाकांना लाकडी ठोकळे लागायचे. होडी ट्रेलरला बांधलेली आहे ना, हे हलवून पाहायचे. माझ्या तारांचे गुंते सोडवायचे, प्रत्येक कडीवर बोट फिरवायचे. मग मास्तर होडीत उभा राहून मला खांद्यावर घेत पुढे सरके आणि ताई जमिनीवर पुढे उभी राहून दोर ओढे. मी पूर्ण उभी झाले की ती दोर ताणून धरी आणि मास्तर पुढची तार होडीच्या नाकाला अडकवी. ती पक्की होईपर्यंत मागे कोणी थांबायचे नाही, असे त्या कागदावर ठळक अक्षरांत लिहिले होते, कारण मी पडले तर मागेच पडणार.

उभे राहिले म्हणजे काम संपले असेही नाही. तारांच्या खालच्या टोकांना ताण कमी-जास्त करायचे पेच असतात. शीड वर ओढायच्या दोराचे टोक आधी डाव्या कडेला टेकवायचे, मग उजव्या कडेला. दोन्हीकडे माप सारखे आले की मी सरळ. पाण्यावर गेल्यावर एका बाजूची तार फारच लोंबू लागली तर परत येऊन दोन्हीकडचे पेच सारखेच आवळायचे. मास्तर हे सगळे टेप लावून करी. त्या वर्षी होडी अशी पळायची की काठावरचे लोक हात हलवायचे. "काय डौल आहे हो तुमच्या डोलकाठीला!" असे एक बाई म्हणाल्याचे मला अजून आठवते.

कौतुकानेच घात केला. दुसऱ्या वर्षी मास्तर टेप घरी विसरू लागला. तिसऱ्या वर्षी त्याने तो आणणेच सोडले. "नजर आहे माझी," म्हणायचा. गिऱ्हाइकाच्या खांद्याचे माप दोनदा घेणारा हा माणूस मला एक डोळा मिटून पाहायचा आणि "झक्कास" म्हणायचा. मी डावीकडे चांगली दोन बोटे झुकलेली असायची. होडी एका बाजूला नीट चाले आणि दुसऱ्या बाजूला रडे, आणि हा म्हणे, "काठीच मुळात वाकडी आहे." मला किती संताप यायचा! ज्याला बोलता येत नाही त्याच्यावर खापर फोडणे फार सोपे असते. रीत लिहिलेल्या कागदावर तर त्याने फराळाचा डबा ठेवण्यासाठी फळी ठोकली होती.

आणि मग ती कडी हरवली.

थंडीत मास्तरने माझी पुढची तार साफसफाईसाठी डोक्याकडून सोडवली. परत लावताना नखाएवढी कडी त्याच्या बोटांतून सुटली आणि अंगणातल्या गवतात गेली. त्याने थोडे शोधले, कंटाळला. तलावाजवळच्या दुकानात तशा कड्या मूठभर मिळत होत्या. पण दुसऱ्या दिवशी रविवार, आणि याला घाई. तो आत गेला आणि कोटाची बटणे लावायचा मेण लावलेला जाड दोरा घेऊन आला. पिनेच्या भोकातून त्याने नऊ वेढे घेतले, वर त्याची ती नेहमीची गाठ मारली, दातांनी टोक तोडले आणि स्वतःशीच म्हणाला, "या दोऱ्याने लावलेलं बटण दहा वर्षं हलत नाही."

मित्रांनो, त्याच आठवड्यात मी याच माणसाला मागच्या दारात एका गिऱ्हाइकाशी बोलताना ऐकले होते. "उन्हातल्या पडद्याची शिवण वर्षभरात जाते बघा. दोरा वरून चांगला दिसतो, हात लावला की भुगा होतो." असे तो पडद्यांबद्दल सांगत होता! माझ्या डोक्यावर वीस फूट उंचीवर काय सावली पडते? पण शिंप्याचा दोऱ्यावर विश्वास. दुसरा कोणी असता तर निदान तारेचा तुकडा तरी गुंडाळता. याने मला बटण समजून शिवले.

एक उन्हाळा तो दोरा टिकला, आणि हेच वाईट झाले. टिकला म्हणून तो विसरला. मी आडवी असताना एकदा बोट फिरवले असते तर कळले असते. पण कड्यांवर बोट फिरवणे कधीच बंद पडले होते.

तो दिवस छान होता, ऊन कोवळे होते. ताईने वर पाहिले, चाकांना ठोकळे लावले, दोर ओढला. मी उभी राहिले. मास्तरने पुढची तार खाली पक्की केली. "झालं का रे पक्कं?" तिने विचारले. "पक्कं!" तो म्हणाला. तेव्हा कुठे ती सुकाणू बसवायला मागे गेली. तिने नियम पाळला होता. त्याच्या एका शब्दावर ती तिथे जाऊन उभी राहिली होती.

मास्तरला तार थोडी सैल वाटली. त्याने पेचाला दोन फेरे दिले. मग आणखी एक. माझ्या डोक्यावर काहीतरी तुटल्याचे मला जाणवले, इतके हलके की कोणाला ऐकूही गेले नसेल. पिन सरकली. तार सुटली. मी मागे जाऊ लागले, आणि मला थांबता येईना. मी काय धरणार होते? मला हात नाहीत.

ताईने पाहिले आणि अंग बाजूला घेतले. उजवा हात तेवढा होडीच्या काठावर राहिला.

दवाखान्यातून ती परत आली तेव्हा हाताला पांढरे बांधलेले होते. महिन्याभराने ते सुटले, पण पहिली दोन बोटे वाकेनात. सुई धरायची तीच दोन बोटे. दुकानात काज करायचे मशीन आले. आणि मास्तरने साऱ्या गल्लीला सांगितले, "डोलकाठी जुनी होती. वरून कुजली होती. काय करणार?" उरलेला दोरा त्याने त्याच दिवशी माझ्या डोक्यावरून तोडून खिशात घातला होता. मी ते पाहिले होते. मला दोन तिपायांवर अंगणात टाकून दिले. पावसाने माझ्यावर शेवाळ धरले, कोणीतरी ओले फडके वाळत घातले. मी आतल्या आत जळत होते. पडल्याचे दुःख कमी होते, पण त्या एका शब्दाने मला जगणे नकोसे केले. कुजली म्हणे!

एके दिवशी दुपारी ताई बाहेर आली. डाव्या हाताने ती मला पुसू लागली. पुसता पुसता डोक्याशी पोचली आणि थांबली. पिनेच्या जागी, फटीत, दोऱ्याचा एक तुकडा राहून गेला होता. गाठीसकट. ती गाठ तिनेच त्याला लहानपणी शिकवली होती. तिने ती बराच वेळ न्याहाळली. आता बोलेल, मला वाटले, आता आत जाऊन याची चांगली हजेरी घेईल! पण तिने तुकडा होता तिथेच ठेवला, फडके पिळले आणि आत निघून गेली. त्या रात्रीच्या जेवणाला काय बोलणे झाले कोण जाणे. दुसऱ्या दिवशीही मास्तर गिऱ्हाइकाला सांगतच होता, "कुजली होती हो." आणि ताई शेजारी बसून डाव्या हाताने बटणे लावत होती. चिडून चिडून मी थकले. एकाला खरे माहीत आणि तो बोलत नाही, दुसरीला कळले आणि तीही बोलत नाही, आणि बदनामी कोणाची? माझी!

असे आणखी वर्ष गेले. मग तिने भंगारवाल्याला बोलावले.

त्याने माझ्या मधोमध करवत टेकवली. "बिजागरी-तारा आधी काढू की सरळ कापू?" त्याने विचारले.

"सरळ काप," ताई म्हणाली. ती मास्तरकडे पाहत होती. तो मशीनवर बसला होता. पाय थांबला होता, पण मान खाली. करवत दोनदा फिरली. तिचा चरा अजून माझ्या अंगावर आहे.

"थांबा!" मास्तर उठून बाहेर आला. त्याचा चेहरा कापडासारखा पांढरा झाला होता. "ताई, ती कुजली नव्हती. कडी हरवली होती. मी दोरा बांधला होता. बटणाचा दोरा."

भंगारवाल्याने करवत खाली ठेवली आणि उगाचच आपल्या गाडीकडे गेला.

"ठाऊक आहे मला," ताई म्हणाली. "वर्ष झालं. तू केव्हा सांगतोस म्हणून रोज तुझ्या तोंडाकडे बघत होते. बोटं गेली त्याचं मला एवढं लागलं नाही रे. माझ्यासमोर बसून तू रोज सगळं त्या काठीवर ढकलत होतास, ते लागलं."

मास्तर मटकन तिपाईवर बसला आणि रडू लागला. "मी पुन्हा त्या होडीला हात लावणार नाही," तो म्हणाला.

"ते तर फारच सोपं झालं!" ताई कडाडली. "ऊठ. ती उभी कर. इथंच, माझ्या देखत. एकेक पिन मला दाखवून."

त्याने कड्या आणल्या. होडी अंगणात ओढली. ताईने वर पाहिले, ठोकळे लावले. मास्तर प्रत्येक पिनेशी थांबे, कडी ओढून दाखवे आणि मोठ्याने सांगे, "ही बसली." ताईची ताठलेली बोटे तिथे टेकत, मग ती मान हलवी. या एका कामाला सगळी सकाळ लागली. मी उभी राहिले. दोराचे टोक त्याने डावीकडे टेकवले, उजवीकडे टेकवले, टेप लावून.

"पक्कं?" तिने विचारले.

तो पुन्हा एकदा सगळीकडे फिरून आला. "पक्कं," म्हणाला, आणि तरीही ती मागे गेली नाही.

ती अजून जात नाही. आम्ही पुन्हा तलावावर जातो. मी सरळ उभी राहते, होडी दोन्हीकडे सारखी चालते, लोक हात हलवतात. पण मला उभी करताना ताई मागच्या बाजूला पाऊल टाकत नाही, आणि सुकाणू मास्तर एकटाच बसवतो. तोही तिला कधी बोलावत नाही.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी आम्ही म्हाताऱ्या वस्तू 'आम्हाला जपा' असे म्हणतो. मी नाही म्हणणार. मी पडले, शेवाळले, करवतीचा चरा सोसला, तरी एका सकाळीत मला पुन्हा उभी करता आले. मला उचलण्याआधी एकदा मागे वळून पाहा. तिथे तुमच्या शब्दावर कोणी उभे असेल, तर आधी त्याला जपा.