दाबलेला नऊ

मित्रांनो, मी गोल टोकांचा एक मराठी फॉन्ट आहे. वय अवघं सहा वर्षं, पण आतापर्यंतचा वैताग साठ वर्षांना पुरेल.

ठाकूरद्वारच्या एका चाळीत सुमेधानं मला घडवलं. दोन वर्षं ती एकेक अक्षर काढत, खोडत होती. कमी दिसणाऱ्यांनाही वाचता यावं म्हणून तिनं अक्षरांची पोटं मोकळी ठेवली, टोकं गोल केली. बालवाडीच्या पुस्तकांत मुलं माझ्यावरून बोट फिरवायची, ते दिवस चांगले होते.

मग मी सगळ्यांच्या हाती लागलो. कोणी श्रद्धांजलीच्या फलकावर मला गुलाबी रंगात बसवलं. कोणी माझ्यातच ‘सावधान, विजेचा धोका’ लिहिलं. माझ्या गुबगुबीत अक्षरांना कोण घाबरणार? जागा कमी पडली की दाबायचं, उरली की ताणायचं. मी काय कणीक आहे?

तेही सोसलं असतं. पण गेल्या वर्षी परळला मोतीबिंदूचं मोफत शिबिर होतं. पत्रकावर पाहुण्यांचे सात फोटो आणि तळाला बोटभर पट्टीत चेपलेला मी : ‘नावनोंदणी ९ वाजता’. सुमेधाच्या शेजारच्या आनंदीबाईंनी ते डोळ्यांशी धरून वाचलं आणि जेवून साडेबाराला पोचल्या. नोंदणी केव्हाच संपली होती. पुढचं शिबिर सहा महिन्यांनी.

संध्याकाळी त्यांनी पत्रक सुमेधापुढे ठेवलं. “बघ गं, हा एकच ना? तिथली मुलगी म्हणते, नऊ. तुम्हालाच दिसत नाही म्हणे.”

“दिसत नाही म्हणूनच तर गेला होतात, मावशी,” सुमेधा म्हणाली.

पत्रक गिरगावात छपाईची कामं घेणाऱ्या वैभवनं केलं होतं. सुमेधा तडक त्याच्याकडे गेली.

“ताई, जागाच नव्हती. सगळेच दाबतात.”

“एखादा फोटो काढायचास.”

“आणि पुढचं काम कोण देणार?”

मला वाटलं, आता ही त्याला झापणार. पण घरी येऊन तिनं माझे एक आणि नऊ शेजारी ठेवले, दाबून बघितले आणि म्हणाली, “चूक माझीही आहे. गोलाईच्या नादात दोघांना जुळं करून ठेवलं.” मला ते लागलं.

तिनं नऊ नव्याने काढायला घेतला. रोज तो बारीक करून, चेपून छापायची आणि आनंदीबाईंना दाखवायची. त्या ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या.

“एक.”

“हापण एकच.”

“हा कोण, सात?”

बाराव्या दिवशी त्या कागद हातात घेताच म्हणाल्या, “नऊ. आधीच असा काढायला काय झालं होतं?”

पुढच्या शिबिराच्या पत्रकात वैभवनं नवा नऊ घेतला, पाहुणे पाचावर आणले आणि मला दोन ओळी मोकळ्या दिल्या. आनंदीबाई साडेआठलाच रांगेत होत्या. ऑपरेशन झालं, आता त्यांचा डोळा इतका साफ आहे, की परवा त्यांनी सुमेधाला सांगितलं, “तुझा ‘झ’ जरा वाकडा आहे हं.” ती पुन्हा कामाला बसली आहे.

मित्रांनो, तुम्ही मात्र मला दाबू नका. जागा पुरत नसेल तर पाहुणे कमी करा. वाचणाऱ्याची जागा खाऊ नका.