लिझेलचा तीन वर्षांचा परवाना

माझ्या अंगावर दोन तारखा छापल्या आहेत. पहिली मी जन्मलो ती, दुसरी मी संपणार ती. मरणाची तारीख अंगावर वागवतच जन्माला आल्यामुळे माझ्या स्वभावात पहिल्यापासून एक तगमग आहे, आणि मी ज्याच्या हाती पडतो त्यालाही ती लागते.

कॅनडात शिक्षण संपवलेल्या परदेशी मुलांना काही काळ नोकरी करू देणारा परवाना, तो मी. एका सप्टेंबरात सरकारी ऑफिसातून पाकिटात बसून विनिपेगला आलो. पाकीट फोडलं लिझेल दुमलाओनं. ही फिलिपीन्सच्या उत्तरेकडची, इलोकोसची. वय सत्तावीस. लहान मुलांना सांभाळण्या-शिकवण्याचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम तिनं इथल्या कॉलेजात नुकताच पुरा केला होता. माझ्यावरचं बाकी काहीही न वाचता तिनं थेट दुसरी तारीख शोधली आणि तळघरातल्या खोलीतून जिना चढत ओरडली, “आउरोरा काकू, तीन वर्षं दिली!”

आउरोरा काकू म्हणजे तिची घरमालकीण. तरुणपणी शिवणकामाच्या कारखान्यात कामाला म्हणून आलेली आणि इथेच म्हातारी झालेली. चिंचेच्या आंबट रश्श्यात मासे सोडता सोडता ती म्हणाली, “ओरडतेस काय एवढी? आमच्या वेळी विमानातून उतरलं की माणूस कायमचं. तुमचं आपलं आधी शिका, मग राबा, मग परीक्षा द्या, मग गुण मोजा. लग्नाला उभ्या मुलीची एवढी चौकशी होत नाही.”

“मग करून द्या लग्न.”

“करते की! माझा पुतण्या आहे, इथला नागरिक. दात तेवढे पुढे आहेत.”

दोघी हसल्या. मला मात्र हसू आलं नाही. माझा पहिला दिवस तेवढ्यात मावळला होता.

तीन वर्षं ऐकायला पुष्कळ वाटतात. या देशात कायमचं राहायला मिळायचं तर लिझेलला एक वर्ष पूर्णवेळ, शिकलेलं काम करून दाखवायचं होतं. पण शिक्षिकेचा दाखला कुठल्याशा ऑफिसात अडकून पडला आणि खोलीचं भाडं थांबेना. म्हणून ती हॉटेलात चादरी धुवायला लागली, मग पावाच्या कारखान्यात. ते काम कितीही केलं तरी मोजणीत धरत नाहीत. रोज ती थकून यायची आणि माझा एक दिवस फुकट गेलेला असायचा. असं दीड वर्ष गेलं.

मार्चमध्ये एकदाचा दाखला आला आणि तिला पाळणाघरात नोकरी लागली. तिथली संचालिका गेल हॉवर्ड. पन्नाशीची, खणखणीत आवाजाची, प्रत्येक मुलाचा शेंबूड स्वतः पुसणारी बाई. लिझेलवर तिचा जीव होता. “वर्ष भरलं की कामाचं असं पत्र देईन तुला, की अर्ज तपासणारा साहेब वाचून रडेल,” ती म्हणायची.

हिवाळा आला आणि पाळणाघरातल्या दोघीजणी नोकरी सोडून गेल्या. नव्या मिळेनात. आठ मुलांमागे एक बाई हवी, असा तिथला नियम. जानेवारीत लिझेलकडे एकटीकडे तेरा मुलं होती.

त्या दुपारी एकाला उलटी झाली, म्हणून ती त्याला घेऊन मोरीकडे वळली. बाहेर उणे सव्वीस. तीन वर्षांचा ओवेन कोट न घालता मागच्या दारानं निघून गेला. बर्फ काढणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला तो गाड्या लावायच्या जागेत दिसला. त्यानं त्याला आपल्या जाकिटात गुंडाळून आत आणलं. पोराचा एक कान पांढराफटक पडला होता. लिझेल त्याला छातीशी धरून जमिनीवरच बसली. तिची बॅग खुंटीला होती, मी त्या बॅगेत. तिचा श्वास मला तिथवर ऐकू येत होता.

मुलं घरी गेल्यावर गेलनं दार लोटून घेतलं. “लिझेल, पोर सुखरूप आहे. त्याच्या आईला मी स्वतः सांगते. पण वर कळवायची गरज नाही.”

“कळवायचा नियम आहे ना पण?”

“नियम मला शिकवू नकोस. वर कळलं तर उद्या कुलूप लागेल. चाळीस घरची मुलं कुठे जातील? आणि तुझं काय? मार्चमध्ये वर्ष भरतंय तुझं. पत्र मी आजच लिहून ठेवते.” गेल धमकी देत नव्हती. तिचे डोळे सुजलेले होते. म्हणूनच ते ऐकायला जास्त जड गेलं.

दोन दिवस लिझेलला घास गोड लागेना. काकू म्हणाली, “गप्प बस गं. दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे. पत्र हातात पडू दे, मग काय कळवायचं ते कळव.”

“दोन महिन्यांत दुसरं पोर बाहेर गेलं तर?”

“आणि तुला परत जावं लागलं तर? बापानं शेत विकून पाठवलंय तुला.”

“माहितीय मला, काकू!” लिझेल पहिल्यांदाच तिच्यावर ओरडली. मग रडली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला बाहेर काढलं, टेबलावर पसरलं. आठ महिने उरले होते. ती कितीतरी वेळ त्या तारखेकडे बघत बसली. मला वाटलं, मी जिंकलो. माझ्यासारख्या परवान्यांच्या धाकानं आजवर भल्याभल्यांनी तोंड मिटलंय. तिनं मला घडी घालून बाजूला सारलं आणि जे घडलं ते सगळं कागदावर लिहिलं. एकटीकडे तेरा मुलं होती, हेही. स्वतः जाऊन ते पाळणाघरांवर देखरेख करणाऱ्या सरकारी ऑफिसात देऊन आली.

आठवड्यात पाळणाघर बंद झालं. दुकानात ओवेनची आई भेटली. लिझेल तिला काही विचारणार, तोच ती म्हणाली, “त्याचा कान बरा होतोय, आणि माझी नोकरी जायला आलीय. कुणाचे आभार मानू सांग.” लिझेल हातातली भाजी तिथेच ठेवून बाहेर पडली.

पुढचे दोन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात वाईट. तिनं अर्जांवर अर्ज केले. जुनी जागा का सोडली, हे ऐकलं की लोकांचा आवाज बदलायचा. मी रोज थोडा थोडा संपत होतो. शेवटी चार तासांवरच्या डॉफिन गावातून बोलावणं आलं. तिथली बर्निस नावाची संचालिका फारसं बोलणारी नव्हती. लिझेलनं तिला सगळं खरं सांगितलं. बर्निसनं ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मी एकटीला आठच्या वर मुलं देत नाही. चालेल?”

लिझेलनं जोरजोरात मान हलवली.

डॉफिनमध्ये वर्षातले उरलेले दोन महिने भरले. जुलैत सरकारचं बोलावणं आलं: कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करा, साठ दिवसांत. गुण जेमतेम पुरले होते. पण आधीच्या दहा महिन्यांच्या कामाचं पत्र गेलकडून हवं होतं, आणि गेल एकाही निरोपाला उत्तर देत नव्हती.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी लिझेल सरळ बसमध्ये बसली आणि विनिपेगला गेलच्या दारात जाऊन उभी राहिली. गेल बारीक झाली होती. अंगावर रोपवाटिकेतल्या कामाचा मळका एप्रन.

“कशाला आलीस ते कळतंय मला,” गेल म्हणाली. “चाळीस घरांची सकाळ उधळलीस तू. बावीस वर्षं चालवलं होतं मी ते.”

“हो.”

“नुसतं हो? माफी तरी माग.”

“तुमचं पाळणाघर गेलं याचं वाईट वाटतं. पण कळवल्याची माफी नाही मागणार.”

मला वाटलं, आता दार बंद होणार. गेलनं कपाळावरचा घाम पुसला. “त्या दिवसानंतर मला रोज स्वप्न पडतं,” ती म्हणाली. “ती बर्फाची गाडी पाच मिनिटं उशिरा येते.” मग ती आत वळली. “ये. चपला राहू देत.”

स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तिनं पत्र लिहिलं. तारखा, तास, काम. मध्येच थांबून विचारलं, “तेरा मुलं एकटीनं सांभाळली, हे लिहू?”

“खरं ते लिहा.”

“मग ते माझ्या नावावर लिहिते. दिली मी होती,” गेल म्हणाली आणि लिहीत राहिली.

माझे अकरा दिवस उरले असताना अर्ज गेला. पाठोपाठ निकाल लागेपर्यंत काम करू देणारा दुसरा परवाना मागून झाला. माझी तारीख उजाडली तेव्हा लिझेल मुलांना घेऊन बागेत गेली होती. मी खोलीवर, खणात. काही दुखलं नाही. कालपर्यंत माझ्यामुळे दारं उघडत होती, आज मी रद्दी होतो, एवढंच.

निकाल पुढच्या हिवाळ्यात आला. ती अकरा मुलांना बर्फात खेळायला नेण्यासाठी तयार करत होती, बर्निस दुसऱ्या टोकाला बूट चढवत होती. फोन वाजला. लिझेलनं ईमेलची पहिली ओळ वाचली, फोन खिशात टाकला आणि राहिलेल्या सहाही जाकिटांच्या चेन वर ओढल्या. मग बर्निसच्या खांद्यावर डोकं टेकलं. हे तिनं संध्याकाळी काकूला फोनवर सांगितलं, तेव्हा मी ऐकलं. काकू म्हणाली, “आता तरी पुतण्याला भेट. दात बसवून घेतलेत त्यानं.”

आता लिझेल कायमची झाली. तरी बाहेर निघताना ती दारातून मागे फिरते, खण उघडते, माझी दुसरी तारीख बघते. ती कधीच उलटून गेलीय, हे तिला ठाऊक आहे. तिच्या बोटांना अजून पटलेलं नाही. तीन वर्षांत मी तिला सही दिली, शिक्का दिला आणि ही धास्तीही दिली. पहिल्या दोन गोष्टी संपल्या. तिसरी मला परत घेता येत नाही, माझ्या हातात असती तर केव्हाच घेतली असती.

लिझेल, बाई, तो खण लाव आता. बस सुटेल तुझी.