नसलेला बर्फ

योरित जाऊन दीड वर्ष झालं, तेव्हा गावच्या स्केटिंग क्लबने त्याच्या बायकोला, सीत्स्केबाईंना निरोप धाडला. योरित तीस वर्षं क्लबचा चिटणीस होता. कालव्यावर बर्फ कुठे किती जाड धरलाय, ते तो हिवाळाभर रोज मोजून यायचा आणि हिरव्या अक्षरांच्या आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर टिपून ठेवायचा. कुठलं वळण उशिरा गोठतं, कुठे माणूस बुडेल, सगळं त्यात होतं. क्लबला ते आता नव्या कॉम्प्युटरवर हवं होतं.

त्या कामाला वीब्रेन आला. सत्तरीचा, विधुर, टपालखात्यातून निवृत्त झालेला. जुनी यंत्रं जिवंत करायचा त्याला नाद. दर गुरुवारी दहाला यायचा, दोन्ही कॉम्प्युटर वायरने जोडायचा आणि वाट बघत बसायचा. एक फ्लॉपी पलीकडे जायला पाऊण तास लागे. तोवर कॉफी.

"पाव छान झालाय."

"कालचा आहे."

बोलणं म्हणाल तर एवढंच. पण सीत्स्केबाईंच्या कानावर आठवडाभरात माणसाचा आवाज पडायचा तो तेवढाच. मुलगी कॅनडात. शेजारचं घर सुट्टीपुरत्या येणाऱ्या जर्मनांनी घेतलेलं, त्याच्या खिडक्या वर्षभर बंद.

सहाव्या गुरुवारी वीब्रेन म्हणाला, "संपत आलं बरं का. तीनच राहिल्यात."

"माळ्यावर आणखी एक डबा आहे," बाई बोलून गेल्या.

डबा होता, पण त्यातल्या फ्लॉप्या कोऱ्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून न्याहारी झाली की बाई योरितच्या खुर्चीत बसू लागल्या. योरितने काही हिवाळ्यांचं काहीच लिहिलं नव्हतं. तेच हिवाळे बाईंनी भरायला घेतले. 'पुलाखाली सात सेंटिमीटर. काळा, पक्का.' 'चर्चच्या वळणावर चार. जाऊ नये.' नवरा होता तोवर त्या एकदाही त्याच्याबरोबर बर्फावर गेल्या नव्हत्या. उलट चिखलाचे बूट घरात आणतो म्हणून कटकट केली होती. आता मात्र रोज सकाळी त्या त्याच्या मागोमाग कालव्यावरून चालत होत्या. जुन्या यंत्राचं घड्याळ कधीच बंद पडलेलं. कुठली फाईल कधीची, कोण सांगणार?

तीन गुरुवार निभावले. चौथ्या गुरुवारी पडद्यावरचं वाचता वाचता वीब्रेन थांबला.

"एकोणनव्वदचा जानेवारी. चौदा तारीख. पुलाखाली नऊ सेंटिमीटर?"

"असेल."

"नव्हता. त्या दिवशी मी बायकोला पुरलं, सीत्स्केबाई. पाऊस लागला होता. शवपेटी धरणाऱ्यांचे पाय चिखलात रुतत होते. त्या अख्ख्या हिवाळ्यात बर्फ धरलाच नाही. योरितने लिहिलं नाही, कारण लिहायला काही नव्हतंच."

बाईंच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. "मी लिहिलं," त्या म्हणाल्या. "डब्यातलं सगळं मीच लिहिलंय."

"का?"

"गुरुवार संपले असते."

वीब्रेन बराच वेळ कपातली कॉफी ढवळत राहिला. त्याने साखर घातलीच नव्हती.

"हे वाचून उद्या कुणी त्या पुलाखाली बर्फावर उतरलं तर?" तो शेवटी म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्तच लागलं. "पुसू या."

एकेक फाईल तो नाव घेऊन वाचायचा, बाई 'हो, हीसुद्धा' म्हणायच्या, आणि ती जायची. लिहायला चार आठवडे लागलेलं पुसायला अर्धा तासही पुरला नाही. मग त्याने वायर गुंडाळली, कोट घातला. दारात म्हणाला, "पुढच्या महिन्यात मुलगा मला झ्वोले शहरात नेतोय. त्याच्या घराजवळ खोली मिळालीय. आधीच सांगणार होतो, पण तुम्ही म्हणालात, आणखी एक डबा आहे."

बाईंना काहीतरी म्हणायचं होतं. त्या म्हणाल्या, "सावकाश जा. रस्ता ओला आहे."

पाच-सहा आठवडे गेले. क्लबने आभाराचं पत्र धाडलं, खाली सहा सह्या. एका गुरुवारी दहा वाजून गेल्यावर फोन वाजला.

"वीब्रेन बोलतोय. जुना कॉम्प्युटर चालतोय ना?"

"चालतोय की."

"मग बरं."

दोघांपैकी कुणीच फोन ठेवला नाही. पलीकडे कुठेतरी टीव्ही चालू होता. बाईंनी त्याला सांगितलं, की वारा फिरलाय, बदकं अंगणापर्यंत येतात. त्याने सांगितलं, की इथे खिडकीतून गाड्यांचा तळ दिसतो. मग म्हणाला, "बरं तर," आणि आवाज तुटला.

पुढच्या गुरुवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाही. त्यानंतरच्या गुरुवारी बाईंनीच त्याचा नंबर फिरवला.