नावाआधीची मात्रा

बाक बुटका होता. चंद्रभानचे गुडघे छातीला लागत होते, म्हणून त्यानं पाय बाजूला काढले आणि शेजारच्या पोरीचं दप्तर लाथेनं लांब गेलं.

*

कडब्याच्या गंजीत तंबोरा लपवला तर उंदीर तारा खात नाहीत. भोपळा कुरतडतात.

*

"गायनशिक्षक मान्यताप्राप्त परीक्षा उत्तीर्ण असावा. अन्यथा येत्या जूनपासून नेमणूक चालू ठेवता येणार नाही." कागद टाइप केलेला. 'नाही'खाली हातानं मारलेली शाईची रेघ.

*

माणसं घर सोडून गेली तर चूल किती वेळ गरम राहते? बाभळीचं सरपण असेल आणि राख वर ओढलेली असेल, तर सकाळची चूल दुपारपर्यंत.

*

प्रश्न चौथा. खालील बंदिश स्वरलिपीत लिहा व तिचा रचनाकार सांगा. (गुण दहा)

बंद किवाड़, न दीया न बाती।
श्यामपिया तुम ऐसे सिधारे,
राख चुल्हे की अब लौं ताती।।

चंद्रभाननं प्रश्न वाचला. दार बंद, घरात दिवा नाही, आणि तू असा निघून गेलास की चुलीची राख अजून तापलेली आहे. या तीन ओळी त्याच्या होत्या. त्यानंच बांधल्या होत्या, मुलतानी रागात. एक शब्द सोडून.

*

त्या दिवशी सकाळी पारूबाई भाकरी थापत होती. परभणीच्या भाड्याच्या खोलीत चुलीजवळ दोघांपुरतीच जागा होती.

"चव्वेचाळीस वर्साचं मानूस पोरींच्या बाकावर बसनार," ती म्हणाली. "शाळेत तुमीच शिकवायचं, आन् परीक्षा बी तुमीच द्यायची?"

"सरकार बदललं की कागद बदलतेत. निजाम गेला, हैदराबाद गेलं, आता मुंबईचं राज्य हाय."

"राज्य बदललं म्हून गळा बदलला का तुमचा?"

"गळ्याचं कोन इचारायलंय? सर्टिफिकीट मागायलेत. न्हाई दिलं तर जूनपासून ताडकळसला जाऊन भावाच्या शेतात तिफन धरायची."

पारूबाईनं भाकरी उलटली. "पेपरात तुमचीच बंदिश आली तर काय करता?"

"लिव्हीन की."

"आन् कुनाची म्हून लिव्हता?"

चंद्रभान उठला. टोपी दोनदा झटकली.

*

परीक्षेच्या खोलीत सत्तावीस मुली आणि तो. जिच्या दप्तराला लाथ बसली ती पोर कोकिळा, त्याच्याच वर्गातली.

"सर, तुमी बी?"

"गप बस. पेपर बघ आपला."

"सर, आमाला तुमी शिकवलेलंच आलंय. तुमाला तर लय सोपं हाय."

मागच्या बाकावर दोघी तोंडात ओढणी कोंबून हसल्या.

*

खयालाची बंदिश बांधणारा अंतऱ्यात स्वतःचं टोपणनाव गुंफतो. बांधणारा गेला तरी नाव गळ्यांमधून राहतं. चंद्रभानच्या गुरूचं, उस्ताद साबेरमियाँचं, नाव 'सबरपिया'. त्यांच्या स्वतःच्या बंदिशी तीनच. प्रत्येकीत नाव यायच्या आधी ते एक मात्रा गप्प राहत. तबला चालू, गळा बंद, मग नाव.

चंद्रभाननं कारण विचारलं होतं. तेव्हा तो वीस वर्षांचा होता आणि दर गुरुवारी ताडकळसहून परभणीला पायी येत होता.

"अपना नाम लेना तो दम लेके लेना रे, चंदर," उस्ताद म्हणाले. "सीधा बोले तो बेशरमी लगती."

*

सन अठ्ठेचाळीस, भाद्रपद. फौज निजामाच्या मुलखात शिरली आणि पाच दिवसांत राज्य संपलं. परभणीत साबेरमियाँच्या गल्लीत काय काय झालं त्याच्या बातम्या ताडकळसला आल्या. वाटेत वाढून आल्या असतील, असं चंद्रभाननं स्वतःला समजावलं. चावडीसमोर गावातले आप्पाराव भेटले.

"चंद्रभान, चार दिस घरात बैस. त्या वस्तीत तुजं काय काम आता?"

"माजे उस्ताद हायेत तितं."

"आन् तो तंबुरा कुनाचा हाय घरात? त्यांचाच ना? लोकं इचारायलेत."

चंद्रभाननं तंबोरा गंजीत लपवला आणि चार दिवस घरात बसला.

पाचव्या दिवशी पहाटे तो निघाला. फडक्यात भाकरी, गाडग्यात तूप. दुपारी गल्लीत पोचला. दाराला कुलूप नव्हतं, नुसतं ओढून घेतलेलं होतं. आत काही नव्हतं. भिंतीत खुंट्या, कोपऱ्यात चूल. त्यानं राखेवर हात धरला आणि मागं घेतला.

शेजारची म्हातारी दारात येऊन उभी राहिली.

"सुबह की गाडी से गये. चार दिन तेरी राह देखे. बोले, चंदर आता, चंदर आता. अब क्या आया रे तू?"

गाडगं त्यानं म्हातारीच्या उंबऱ्यावर ठेवलं. तिनं ते उचललं नाही.

साबेरमियाँ कुठं गेले? कुणी हैदराबाद म्हणालं, कुणी कराची. पत्र कधी आलं नाही.

*

दुपार होती म्हणून मुलतानी. दार ओढलेलं होतं म्हणून बंद किवाड़. दुसरं काही त्या बंदिशीत नाही. नावाची जागा आली तेव्हा चंद्रभाननं स्वतःचं नाव घातलं नाही. एक मात्रा गप्प राहिला आणि 'सबरपिया' म्हणाला. त्या चार दिवसांची फेड त्याच्याकडून एवढीच होण्यासारखी होती.

*

सन त्रेपन्न. पुण्याहून दिनकरराव नावाचे गृहस्थ परभणीत एका वकिलांकडे उतरले होते. जुन्या बंदिशी गोळा करीत होते. गोरे, हसरे, ऐकताना डोळे मिटणारे. चंद्रभाननं बंदिश गायली. दिनकररावांनी ती तीनदा म्हणवून घेतली.

"वा! कुणाची म्हणायची?"

"उस्ताद साबेरमियाँची."

"नक्की ना? हल्ली जो तो आपलंच काहीतरी जुनं म्हणून खपवतो."

"न्हाई सायेब. उस्तादांचीच."

"मग इथं सही करा."

त्यानं सही केली. दिनकररावांनी वहीत बोटानं मात्रा मोजल्या. "ही एक रिकामी राहतेय," म्हणाले, आणि मागचा सूर लांबवून ती भरली.

*

सन छप्पन. परभणीच्या गणपतीत बाहेरगावचा एक तरुण गवई आला. रेशमी झब्बा, दोन तंबोरे, गळा चांगला. त्यानं 'बंद किवाड़' गायली. आधी सांगितलं, "ही एक पारंपरिक चीज." अंतऱ्यात श्यामपिया आला. लोकांनी मान डोलावली.

टाळ्या वाजल्या तेव्हा चंद्रभाननंही वाजवल्या. शेजारच्यानं विचारलं, "मास्तर, तुमाला येती का वो ही?"

"येती थोडी थोडी."

दुसऱ्या दिवशी त्यानं दिनकररावांचं पुस्तक मिळवलं. पान एकोणचाळीस. रचनाकार: पारंपरिक. खाली बारीक अक्षरात: 'विरहिणी राधेची व्याकुळता.'

*

पुन्हा परीक्षा, सन अठ्ठावन्न. लेखी संपली. प्रश्न चौथ्याला चंद्रभाननं पुस्तकात होती तशी स्वरलिपी लिहिली, मात्रा भरलेली. रचनाकारापुढं टाक बराच वेळ धरला. शाईचा थेंब पडला. त्याच्या बाजूला त्यानं लिहिलं, 'पारंपरिक'.

उत्तर बरोबर होतं. दहापैकी नऊ. एक अक्षराचा गेला.

*

दुपारी तोंडी परीक्षा. परीक्षकाच्या खुर्चीवर दिनकरराव. तबल्यावर बन्सीधर, परभणीचाच. साबेरमियाँच्या साथीला बसलेला.

"अहो, तुम्ही ताडकळसचे ना!" दिनकररावांनी स्वतः उठून पाणी दिलं. "तुमच्यामुळे ती मुलतानीतली चीज मिळाली. पुण्याला मुली गातात आता."

"सायेब, तिच्यात नाव व्हतं."

"कसलं नाव?"

"सबरपिया. पुस्तकात श्यामपिया पडलंय."

"पडलेलं नाही, मी घातलंय." दिनकरराव मोकळेपणानं हसले. "सबरपिया म्हणजे काय, मुलींना कळेना. श्याम म्हटलं की राधा आली, विरह आला, अर्थ लागला. मात्राही तेवढ्याच."

"मंग राधा चुलीची राख कशाला चाचपंल, सायेब?"

बन्सीधरनं तबल्यावरचा हात तोंडावर नेला.

"मार्मिक आहात! गोकुळातही चुली असतीलच की."

"तेवढं नाव परत घाला. पुस्तक दुसऱ्यांदा छापाल तवा."

"घालतो. पण आधार हवा. या साबेरमियाँचं घराणं कोणतं? एखादा कागद? कोणी शिष्य?"

"मीच शिष्य."

"अहो, तुमच्याकडे परीक्षा नाही, म्हणून तर तुम्ही इथं आलात."

हे ते वाईट हेतूनं बोलले नाहीत. खरं होतं ते बोलले.

एक वाक्य चंद्रभानच्या गळ्यापर्यंत आलं. उस्तादांनी बांधलीच नव्हती, मी बांधली. पण ते बोललं की त्याची सही खोटी, आणि सही खोटी तर सबरपियाही खोटा. मग तिथं श्यामच राहणार, कायमचा. न बोलावं तरी श्यामच राहणार. त्यानं वाक्य गिळलं. वर पाणी प्यायला.

"तीच गा," दिनकरराव म्हणाले. "पुस्तकाप्रमाणे."

खिडकीबाहेर मुली घोळक्यानं उभ्या होत्या. जून अडीच महिन्यांवर होता. चंद्रभाननं षड्ज लावला.

अस्थाई नीट गेली. अंतऱ्याला बन्सीधरनं मान वर केली. नावाच्या आधी चंद्रभानचा गळा बंद झाला. तबला एकटा चालला, एक मात्रा. बन्सीधरनं ती हलक्या हातानं वाजवली, एखाद्याला वाट देताना माणूस अंग चोरतो तशी.

मग चंद्रभान म्हणाला, "श्यामपिया."

दिनकररावांनी लिहिलं: 'अंतरा एक मात्रा उशिरा. ताल कच्चा.'

*

शंभरात बावन्न. उत्तीर्ण. कोकिळेला अठ्ठ्याऐंशी. शाळेत तिचा नारळ देऊन सत्कार झाला, पेटीवर चंद्रभान होता.

*

नोकरी टिकली. दर वर्षी परीक्षेला तीच बंदिश लागायची. वर्गात शिकवताना तो जुन्या सवयीनं अडायचा.

"सर, तुमी तितं कामून थांबता?" एकदा एका पोरीनं विचारलं.

"दम लागतो आता."

"आमी बी थांबायचं का?"

"न्हाई. तुमी थांबू नका. मार्क जातेत."

पोरी थांबल्या नाहीत. त्याच्या हाताखालून तीसेक मुली परीक्षेला गेल्या, सगळ्या श्यामपिया म्हणाल्या, सगळ्या तालात.

*

बंदिश पुरी झाली ती एकोणपन्नास सालच्या थंडीत, ताडकळसला, तुरीच्या रानात. ऐकायला पारूबाई एकटी होती. "कुनाची वो ही?" तिनं विचारलं, आणि चंद्रभान म्हणाला, "माजी."