ठेवणीतली कॉफी

शटर अर्धं खाली आलं, तसा रस्त्यापलीकडून कातेल्लो मासळीवाला ओरडला, "दोन्ना मेना, कोण गेलं?" दोन्ना म्हणजे आमच्याकडे बाईसाहेब.

रविवारी, चर्च सुटायच्या वेळेला, मेनाचा बार बंद म्हणजे मयतच असणार, असं आमच्या गल्लीत कुणालाही वाटलं असतं. नवरा गेला तेव्हासुद्धा तिने एकच दिवस शटर ओढलं होतं.

"तुझ्या तोंडाला काही हाड?" मेना म्हणाली. "माझ्या लोरेने खणलेलं दुकान बघायला चाललेय. तूही चल. पण आधी हात धू, चार गल्ल्या वास जातोय."

आमच्याकडे बार म्हणजे सकाळी कॉफी, दुपारी पाव आणि चीज, संध्याकाळी दोन घोट वाईन, आणि दिवसभर लोकांच्या घरच्या भानगडी. मेनाची लेक लोरेदाना त्याच काउंटरमागे वाढली, खोक्यावर बसून अभ्यास करत. पुढे शिकली, उत्तरेकडे गेली आणि मोठी पुरातत्त्ववाली होऊन परत आली. आता व्हेसुव्हियसच्या राखेखालून ती बाहेर काढत होती तोही एक बारच, दोन हजार वर्षांपूर्वीचा. अजूनही ती गल्लीत आली की काउंटरची फळी उचलून आत शिरायची आणि स्वतःची कॉफी स्वतः काढून घ्यायची. त्या फळीला मेनाखेरीज हात लावायचा हक्क तिलाच होता.

त्या रविवारी गावकऱ्यांसाठी उत्खनन पहिल्यांदा खुलं होतं. लोरेदाना आईला म्हणाली होती, "गर्दी असेल, ऊन असेल, तू कशाला येतेस?" माया आंधळी असते म्हणतात, मेनाची तर बहिरीही होती. तिने भाचीच्या लग्नातला निळा झगा घातला, लेकीच्या कामावर येणाऱ्या प्रोफेसरसाहेबांसाठी थर्मासभर कॉफी घेतली, आणि आम्हा आठ-दहा जणांची वरात घेऊन निघाली.

दुकान बघून मेना हरखलीच. रस्त्याला लागून दगडी काउंटर, त्यावर रंगीबेरंगी संगमरवराचे तुकडे, काउंटरमध्ये पुरलेल्या रांजणांची गोल तोंडं, आणि मागे भिंतीवर रंगवलेला लाल तुऱ्याचा कोंबडा.

"अगं बाई, हे तर माझ्याच दुकानासारखं!" ती मोठ्याने म्हणाली.

लोरेदानाने ऐकलं. तिच्याशेजारी प्रोफेसर उभे होते, उत्तरेतल्या तोरिनोहून आलेले, उंच, तागाच्या कोटातले. ती आईकडे न बघता बोलत राहिली. अस्खलित, पुस्तकी भाषेत. आमच्या गल्लीचा मागमूस नाही. रांजणात काय ठेवत, चूल कुठे होती, सगळं तिने सांगितलं. मग भिंतीवरच्या ओरखड्यांकडे बोट केलं.

"ही गिऱ्हाइकांनी कोरलेली अक्षरं. दुकान चालवणाऱ्या बाईचं नाव फेलिक्ला. तिच्याबद्दल इथे जे लिहिलंय ते मी वाचून दाखवणार नाही, लहान मुलं आहेत. त्या काळी अशा दुकानात गिऱ्हाइकांना वाढणाऱ्या बाईला कुणी अब्रूदार समजत नसे. पैसे टाकले की पेल्याबरोबर तीही मिळते, असंच धरून चालत."

हे वाक्य तिने पाहुण्यांपुढे किती वेळा म्हटलं असेल कोण जाणे. सवयीने ती शेवटी थोडी हसलीसुद्धा.

"मग तुझ्या भिंतीवर आम्ही काय कोरायचं, दोन्ना मेना?" कातेल्लोने तोंड उघडलंच.

सगळे खदखदून हसले. मेनाही हसली. एवढी वर्षं काउंटरमागे काढलेली बाई असल्या थट्टेला हसतेच, नाहीतर दुकान चालत नाही. पण हसताना तिने झग्याचा गळा वर ओढला, आणि ते मला बघवलं नाही.

प्रोफेसरांनी वळून विचारलं, "या बाई तुमच्या ओळखीच्या का?"

लोरेदानाचे कान लाल झाले. "इथल्याच आहेत," ती म्हणाली. "आमच्या कामगारांना कॉफी देतात."

खोटं त्यात काहीच नव्हतं. म्हणूनच ते जास्त लागलं.

कातेल्लोने आ वासला. "देतात म्हणजे? अगं, ही तुझी..."

मेनाने त्याच्या पायावर असा पाय दिला की तो कळवळला. मग ती पुढे झाली, थर्मास उघडला आणि कॉफी ओतली. "घ्या साहेब. मॅडम, तुम्हीपण घ्या. ऊन फार आहे."

लोरेदानाने पेला हातात घेतला, पण तो ओठाला लावायचं तिला सुचेना. प्रोफेसर मात्र मनापासून प्यायले. "वा! उत्तम!" म्हणत त्यांनी खिशातून नोट काढून मेनापुढे धरली. माणूस वाईट नव्हता, त्याला जे सांगितलं त्यावर तो चालला होता.

नोट नाकारली असती तर का, ते सांगावं लागलं असतं. मेनाने नोट घेतली. "देव भलं करो," म्हणाली.

बारात येऊन तिने ती नोट गल्ल्यात टाकली नाही. चर्चमधल्या माउलीच्या तसबिरीखाली ठेवणीतल्या कॉफीचा चिमटा आहे, त्याला लावली. ज्याची ऐपत आहे तो एक कॉफी पिऊन दोनचे पैसे ठेवतो. ज्याच्या खिशात दमडी नाही तो येऊन मागतो. कुणी ठेवली हे विचारायचं नाही, कोण पितो ते बघायचं नाही, ही आमच्याकडची रीत आहे.

"म्हातारी झाले रे," मेना मला म्हणाली. "तिने येऊ नको म्हटलं होतं. मला कळायला हवं होतं." जी लाज मुलीला वाटायला हवी, ती आईच स्वतःवर घेत होती. मला लोरेदानाचा असा संताप आला की समोर असती तर थोबाडीत दिली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बार कामगारांनी भरलेला असताना लोरेदाना आली. डोळे सुजलेले होते. फळीपाशी गेली, हात पुढे केला, आणि मागे घेतला. मेना आतून बघत होती. तिने फळी उचलली नाही.

तेवढ्यात प्रोफेसर आत आले. "अरे, तुम्हीही इथेच येता?"

लोरेदाना गिऱ्हाइकांच्या बाजूला, काउंटरसमोर जाऊन उभी राहिली.

"एक ठेवणीतली कॉफी मिळेल?"

सगळ्यांनी माना वळवल्या. पगारदार, शिकलेली बाई भिकाऱ्याची कॉफी मागत होती.

"ठेवणीतली म्हणजे?" प्रोफेसर हसत म्हणाले. "थांबा, मी देतो पैसे."

"तुम्ही कालच दिलेत, सर." तिने चिमट्यातल्या नोटेकडे बोट केलं. तिची पुस्तकी भाषा गेली होती, गल्लीतली आली होती. "काल ज्या बाईला तुम्ही कॉफीचे पैसे दिलेत ना, ती माझी आई."

प्रोफेसरांनी टोपी काढली. पुढे काय करावं ते त्यांना कळेना, म्हणून हातातच धरून उभे राहिले.

मेना कॉफीच्या यंत्राकडे वळली, तेव्हा तिची पाठ आम्हाला दिसत होती. मग तिने पाण्याचा पेला ठेवला, कप ठेवला, साखरेचं भांडं ओढलं.

"साखर किती, मॅडम?"

"दोन," लोरेदाना म्हणाली. "दोन, आई."

मेनाने दोन चमचे घातले. आमच्यातल्या कुणालाही ती कॉफी कधी ढवळून देत नाही, ज्याची त्याने ढवळायची. त्या दिवशी मान खाली घालून ती लेकीच्या कपात चमचा फिरवत राहिली, साखर केव्हाच विरघळली होती तरी.